बेस गिटारचे पर्यायी ट्यूनिंग आणि तारांची जाडी : नाशिकच्या वादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग दिसतात. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या परिसरात सराव करणारे रॉक आणि मेटलचे तरुण वादक हा एक वर्ग आहे. भावगीते, भक्तिगीते आणि चित्रपटगीतांच्या कार्यक्रमांत गायक-गायिकांना साथ करणारे वादक हा दुसरा. पहिल्या वर्गाला जड, खोल आवाज हवा असतो, तर दुसऱ्याला गायकाच्या पट्टीत मोकळ्या (बोटाने न दाबलेल्या) तारा मिळवायच्या असतात. जाड तार किती उतरवावी आणि त्यासाठी किती जाडीची तार लावावी, हा प्रश्न मात्र दोघांनाही पडतो. पुढील उत्तरांत दोन्ही वर्गांचा विचार केला आहे. साथीच्या वादकांसाठी पट्टीच्या अंगाने लिहिलेले फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून त्या भागाला येथे अधिक जागा दिली आहे.

बेस गिटारचे नेहमीचे ट्यूनिंग कोणते, आणि पर्यायी ट्यूनिंग कशाला म्हणावे?

चार तारांच्या बेस गिटारच्या तारा जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी अशा लावतात. मधल्या सप्तकातील ए म्हणजे 440 हर्ट्झ हे प्रमाण धरले, तर या तारांची कंपनसंख्या अनुक्रमे 41.2, 55, 73.4 आणि 98 हर्ट्झ येते. शेजारच्या कोणत्याही दोन तारांमध्ये पाच अर्धस्वरांचे, म्हणजे षड्ज-मध्यम भावाचे अंतर असते. पाच तारांच्या वाद्यात हाच क्रम खाली वाढवून 30.9 हर्ट्झची बी ही तार लावलेली असते. हार्मोनियमवर पाहिले तर ई म्हणजे पांढरी तीन, ए म्हणजे पांढरी सहा, डी म्हणजे पांढरी दोन आणि जी म्हणजे पांढरी पाच. या रचनेतील एक तार जरी मुद्दाम वेगळ्या सुरात लावली, तरी ते पर्यायी ट्यूनिंग झाले.

ट्यूनिंग बदलण्याची खरोखर गरज केव्हा असते?

गाण्याला लागणारा सर्वांत खालचा स्वर आपल्या वाद्यावर नसेल, तेव्हा ही गरज खरी असते. ज्या स्वरावर गाणे वारंवार परतते, तो मोकळ्या तारेवर मिळाल्याने डावा हात सुटा होणार असेल, तर तेही पुरेसे कारण आहे. तिसरे कारण आवाजाच्या पोताचे आहे. अर्धा स्वर उतरवलेल्या तारा थोड्या सैल होतात आणि त्यांचा आवाज गोल लागतो, म्हणून काही वादक केवळ त्यासाठी सर्व तारा एकसारख्या उतरवतात.

एखाद्या आवडत्या बँडचे ट्यूनिंग तसेच्या तसे उचलणे हे कारण मला पुरेसे वाटत नाही. त्या बँडच्या गिटारवादकाने तार उतरवलेली असते, त्याच्याबरोबर बेसही उतरतो, आणि त्यांच्या गायकाचा आवाज त्या पट्टीत बसतो. आपल्या गायकाचा आवाज वेगळा असेल, तर ती सगळी रचना आपल्या उपयोगाची राहत नाही. म्हणून सर्वप्रथम स्वर ठरवावा, मग ताण आणि त्यानंतर जाडी. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि वाद्यही बिघडते.

गायकाची पट्टी आणि बेसचे ट्यूनिंग यांचा मेळ कसा घालावा?

साथ करताना बेसचे मुख्य काम षड्ज आणि पंचम भक्कम धरण्याचे असते. त्यातही षड्जाच्या खालचा पंचम, म्हणजे मंद्र पंचम, हाताशी असेल तर ठेका आणि बेस यांची जोडी फार सुंदर बसते. त्यामुळे गायकाची पट्टी कळली की तिचा मंद्र पंचम आपल्या वाद्यावर कोठे येतो, हे आधी पाहावे.

पुरुष गायक बहुधा पांढरी एक ते काळी दोन यांच्या आसपास गातात. काळी एकमध्ये षड्ज ए तारेच्या चौथ्या पडद्यावर (फ्रेटवर) येतो आणि त्याचा मंद्र पंचम ई तारेच्या चौथ्या पडद्यावर. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ही पट्टी पूर्णपणे बसते, म्हणून केवळ काळी एकसाठी तार उतरवण्याची गरज नाही. पांढरी एक आणि काळी दोन यांचेही तसेच आहे.

अडचण गायिकांच्या काही पट्ट्यांत येते. पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच आणि काळी चार या पट्ट्यांचे मंद्र पंचम अनुक्रमे सी, सी शार्प, डी आणि डी शार्प हे आहेत, आणि हे चारही स्वर ई तारेच्या खाली पडतात. नेहमीच्या चार तारांच्या वाद्यावर ते नाहीतच. पांढरी सहामध्ये मात्र मोकळी ई तारच पंचम होते आणि काळी पाचमध्ये पंचम पहिल्या पडद्यावर मिळतो, त्यामुळे तेथे पुन्हा काही बदलण्याचे कारण उरत नाही.

पांढरी पाचसाठी ड्रॉप डी हे ट्यूनिंग इतके नेमके बसते की ज्या वादकाची मुख्य साथ या पट्टीतील गायिकेला आहे, त्याने ते कायमचे स्वीकारावे असे मी सुचवेन. केवळ जाड तार ई वरून डी पर्यंत, म्हणजे एक पूर्ण स्वर उतरवली की मोकळ्या तारा डी, ए, डी, जी अशा होतात आणि पांढरी पाचच्या हिशेबाने त्यांवर पंचम, रिषभ, पंचम आणि षड्ज मिळतात. काळी चार असेल तर जाड तार अर्धाच स्वर, डी शार्पपर्यंत उतरवून मोकळा पंचम मिळवता येतो. मात्र तेव्हा ती तार आणि तिच्या शेजारची तार यांच्यातील अंतर सहा अर्धस्वरांचे होते आणि हाताला त्याची नव्याने सवय करावी लागते. काळी तीन आणि पांढरी चार यांसाठी जाड तार तीन ते चार अर्धस्वर उतरवावी लागते, आणि तेथून पुढे तारेची जाडी बदलल्याशिवाय निभत नाही.

या पट्ट्यांत षड्ज डी तारेवर आणि पंचम ए तारेवर, एक सप्तक वर वाजवण्याचा मार्ग नेहमीच खुला असतो आणि अनेक जुने वादक तेच करतात. तबला-ढोलकीच्या हलक्या साथीत ते गोडही लागते. त्यामुळे तार उतरवणे ही सक्ती नाही, आवाजाची निवड आहे.

ड्रॉप डीसाठी नवीन तारा घ्याव्या लागतात का?

बहुतेक वेळा नाही. आपल्या वाद्यावर 105 ची (म्हणजे 0.105 इंच जाडीची) जाड तार असेल तर ती डीपर्यंत सैल पण वाजवण्याजोगी राहते. 100 ची असेल आणि आपण जोरात वाजवत असाल, तर ती पडद्यांवर आपटू लागेल. अशा वेळी ती एकच तार 110 किंवा 115 ची घ्यावी.

तारेचे गेज म्हणजे काय, आणि 45-105 असे आकडे कसे वाचावेत?

गेज म्हणजे तारेचा व्यास आणि तो इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. 45 ची तार म्हणजे 0.045 इंच, अर्थात सुमारे 1.14 मिलिमीटर. 105 ची तार सुमारे 2.67 मिलिमीटर आणि 130 ची तार 3.3 मिलिमीटर भरते. 45-105 या संचात साधारणपणे 45, 65, 85 आणि 105 अशा चार तारा असतात. 45-100 च्या संचात जाड बाजूच्या तारा 80 आणि 100 असतात. दुकानात सहसा हाताशी असतात ते हेच दोन संच. 40 पासून सुरू होणारे संच हलके मानले जातात आणि 50 पासून सुरू होणारे भारी. पाकिटावरील हलके, मध्यम किंवा भारी हे शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने वापरते, म्हणून खरेदी करताना शब्दांकडे पाहू नये, आकडे पाहावेत.

तार उतरवल्यावर ताण किती कमी होतो आणि त्यासाठी किती जाड तार घ्यावी?

तारेवरचा ताण तीन गोष्टींवर ठरतो : तारेचे दर इंची वजन, नटपासून (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) घोडीपर्यंतची (ब्रिजपर्यंतची) कंपन पावणारी लांबी आणि कंपनसंख्या. ताण हा वजनाच्या सरळ प्रमाणात, तर लांबी आणि कंपनसंख्या यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून कंपनसंख्या थोडी कमी झाली तरी ताण अपेक्षेपेक्षा अधिक घटतो. अर्धा स्वर उतरवला की ताण सुमारे 11 टक्क्यांनी कमी होतो, पूर्ण स्वर उतरवला की सुमारे 21 टक्क्यांनी, तीन अर्धस्वर उतरवले की 29 टक्क्यांनी आणि चार अर्धस्वर उतरवले की 37 टक्क्यांनी. ई तार थेट बीपर्यंत, म्हणजे पाच अर्धस्वर नेली, तर मूळ ताणापैकी 56 टक्केच उरतो. अशी तार लोंबते, तिचा सूर धरत नाही आणि जोरात छेडल्यावर प्रत्येक स्वर सुरुवातीला चढा लागतो.

34 इंच लांबीच्या बेसवर नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये एकेका तारेवर साधारण 35 ते 50 पौंडांच्या दरम्यान ताण असतो. हाताला ओळखीचा असलेला हा ताण टिकवून खाली जायचे असेल, तर तारेचे वजन वाढवावे लागते. वजन ढोबळमानाने व्यासाच्या वर्गाबरोबर वाढते, त्यामुळे व्यवहारात एक सोपा हिशेब करता येतो. प्रत्येक अर्धस्वरामागे जाडी सुमारे 6 टक्क्यांनी वाढवावी. पूर्ण स्वरासाठी ही वाढ 12 टक्के होते, तीन अर्धस्वरांसाठी 19, चार अर्धस्वरांसाठी 26 आणि पाच अर्धस्वरांसाठी 33 टक्के.

एक उदाहरण घेऊ. आपल्याला 45-105 चा संच हाताला चांगला बसतो आणि गायिकेची पट्टी काळी तीन आहे. जाड तार सी शार्पपर्यंत उतरवायची आणि उरलेल्या तिन्ही तारा अर्धा स्वर खाली आणायच्या असे ठरवले, तर मोकळ्या तारा सी शार्प, जी शार्प, सी शार्प आणि एफ शार्प अशा होतात आणि या पट्टीत त्यांवर पंचम, रिषभ, पंचम, षड्ज मिळतात. 105 ला 1.19 ने गुणल्यास 125 येते. 85, 65 आणि 45 यांना 1.06 ने गुणल्यास अनुक्रमे 90, 69 आणि 48 येतात. बाजारात मिळणाऱ्या आकड्यांत हा संच 50, 70, 90 आणि 125 असा बसवता येतो. 125 ची सुटी तार मिळाली नाही तर 130 ची घ्यावी. ताण थोडा वाढेल, पण जाड तारेवर तो वाढलेला चालतो.

हाच संच काळी एकच्या गायकालाही उपयोगी पडतो. त्या पट्टीत याच मोकळ्या तारा षड्ज, पंचम, षड्ज आणि मध्यम होतात, आणि भजनाच्या संथ सुरुवातीला सी शार्पचा मोकळा षड्ज तंबोऱ्याच्या खाली अंथरल्यासारखा उभा राहतो.

हा हिशेब अंदाजाचा आहे, कारण एकाच जाडीच्या दोन तारांचे वजन त्यांच्या गाभ्यावर आणि वेष्टनावर अवलंबून असते. नेमका आकडा हवा असल्यास तार बनवणाऱ्या कंपनीचा ताणाचा तक्ता पाहावा. काही मोठ्या कंपन्या असे तक्ते प्रसिद्ध करतात.

चार तारांवर बी, ई, ए, डी लावावे की सरळ पाच तारांचा बेस घ्यावा?

बी, ई, ए, डी ही रचना चांगली आणि सुटसुटीत आहे. पाच तारांच्या संचातील जाड चार तारा, म्हणजे 65, 85, 105 आणि 130, घेऊन लावायच्या. प्रत्येक तार तिच्या मूळच्या सुरातच असते, त्यामुळे वाद्यावरचा एकूण ताण फारसा बदलत नाही. वरच्या बाजूचे पाच अर्धस्वर तेवढे जातात. मेटल वाजवणाऱ्या, वरच्या पडद्यांवर क्वचित जाणाऱ्या वादकाला त्याची उणीव भासणार नाही.

एकाच संध्याकाळी तीन-चार गायकांना वेगवेगळ्या पट्ट्यांत साथ करणाऱ्या वादकाने मात्र पाच तारांचाच बेस घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या सभागृहात कार्यक्रम सुरू असताना निवेदनाच्या आडून तार उतरवणे-चढवणे हे साथीला शोभत नाही, आणि वारंवार फिरवलेली तार सुरात स्थिरही राहत नाही. पाच तारांवर वर सांगितलेल्या चारही अवघड पट्ट्यांचे मंद्र पंचम बी तारेच्या पहिल्या चार पडद्यांत ओळीने मिळतात. पर्यायी ट्यूनिंग हे एकाच पट्टीत किंवा ठरलेल्या गाण्यांत रमणाऱ्या वादकाचे साधन आहे. प्रत्येक गाण्याला पट्टी बदलणाऱ्याच्या ते कामाचे नाही.

कार्यक्रमात फक्त ई आणि डी यांच्यात ये-जा करायची असेल तर?

त्यासाठी जाड तारेच्या खुंटीच्या जागी बसवायची खटक्याची खुंटी मिळते. हिपशॉट कंपनीचा एक्स्टेंडर हा तिचा सर्वांत परिचित प्रकार आहे. खटका दाबला की तार आधी ठरवून ठेवलेल्या सुरापर्यंत उतरते आणि परत केला की ईवर येते. पांढरी पाच आणि इतर पट्ट्या यांच्यात आलटून-पालटून साथ करणाऱ्याला तिचा मोठा आधार होतो. घेताना आपल्या वाद्याच्या खुंटीचे मोजमाप जुळते का, हे पाहावे.

माझा बेस लहान लांबीचा आहे. त्यावर तार उतरवता येईल का?

1951 मध्ये आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसची लांबी 34 इंच होती आणि आजही बहुतेक बेस त्याच लांबीचे असतात. लहान लांबीचे बेस साधारण 30 इंचांचे असतात. तीच तार त्याच सुरात लावली तरी 30 इंचांवर तिचा ताण सुमारे 22 टक्के कमी भरतो. म्हणजे लहान बेसवरची नेहमीची ई तार ही मोठ्या बेसवर डीपर्यंत उतरवलेल्या तारेइतकी सैल आधीच असते. तिला आणखी उतरवायचे तर जाड तार लागतेच, आणि आखूड लांबीवर जाड तारेचे वरचे स्वरांश (मूळ स्वराबरोबर निघणारे वरचे सूर) धूसर होतात. डीपर्यंत जाण्यास हरकत नाही, पण त्याखाली जाऊ नये. उलट 35 इंचांच्या बेसवर तोच ताण सुमारे 6 टक्क्यांनी वाढतो, आणि पाच तारांच्या अनेक वाद्यांची लांबी म्हणूनच 35 इंच ठेवलेली असते.

तारा पंचमाच्या अंतराने लावल्या तर काय मिळते?

सी, जी, डी, ए या रचनेत शेजारच्या दोन तारांत सात अर्धस्वरांचे अंतर असते, म्हणून षड्ज आणि पंचम शेजारच्या तारांवर एकाच पडद्यावर येतात. खालचा सी 32.7 हर्ट्झचा असतो, आणि वरची ए तार नेहमीच्या जीपेक्षा पूर्ण स्वर उंच असते. अमेरिकेतील जॅझ डबलबेसवादक रेड मिचेल यांनी 1966 पासून आपल्या वाद्याला हीच रचना दिली होती. बेस गिटारवर ती लावायची तर 130, 95, 65 आणि 40 या जाडीच्या आसपासच्या तारा लागतात. नेहमीची 45 ची बारीक तार जीवरून एवर चढवली तर तिच्यावरचा ताण 26 टक्क्यांनी वाढतो, तेव्हा तसे करू नये.

आपल्या संगीतात षड्ज-पंचम भावाचे महत्त्व लक्षात घेता ही रचना आकर्षक वाटते आणि संथ आलापीखाली ती सुरेखही वाजते. मात्र 34 इंचांच्या वाद्यावर खालच्या पडद्यांत सप्तक वाजवताना हात फार ताणावा लागतो. लहान हाताच्या वादकाने किंवा मनगटदुखी असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

वरच्या बाजूचे ट्यूनिंग कोणी वापरावे?

एकल वादन करणाऱ्यांनी. ए, डी, जी, सी या रचनेसाठी 80 किंवा 85, 65, 45 आणि 30 ते 32 अशा तारा लावतात. साथीसाठी तिचा उपयोग नाही.

तारेचा प्रकार बदलला तर ट्यूनिंगवर परिणाम होतो का?

होतो, आणि जाडीइतकाच होतो. गोल वेष्टनाच्या तारा 1966 मध्ये रोटोसाउंड कंपनीने जॉन एंटविसल या वादकाबरोबर विकसित केल्या, आणि तेव्हापासून बेसला पियानोसारखी झळाळी आली. खोल ट्यूनिंगमध्ये हीच झळाळी उपयोगी पडते, कारण फार खालचा स्वर आपल्याला मुख्यतः त्याच्या वरच्या स्वरांशांवरून ओळखता येतो. स्टीलचे वेष्टन सर्वांत उजळ वाजते आणि निकेलचा मुलामा दिलेले त्याहून सौम्य.

चपट्या वेष्टनाच्या तारा गुळगुळीत असतात आणि त्यांचा आवाज गोल, लवकर विझणारा असतो. अमेरिकी बेसवादक जेम्स जेमर्सन हे 52 ते 110 जाडीच्या अशाच तारा वापरत. भावगीतांच्या साथीला या तारा मला सर्वाधिक आवडतात, कारण बोटांची खरखर येत नाही आणि गायकाच्या शब्दांवर बेस चढत नाही. त्या सहसा अधिक ताठ असतात, त्यामुळे अर्धा किंवा पूर्ण स्वर उतरवल्यावरही हाताला घट्ट लागतात. मात्र सी किंवा बीपर्यंत नेल्यास त्यांचा आवाज मिटल्यासारखा होतो. नायलॉनचे वेष्टन असलेल्या बहुतेक तारांचा ताण मुळातच कमी असतो. पाकिटावर 110 लिहिलेले पाहून त्यांना भारी समजू नये.

जाडी बदलल्यावर वाद्यात काय काय दुरुस्त करावे लागते?

सुरुवात नेकपासून करावी. पहिला पडदा आणि नेक जेथे अंगाला मिळते तेथील पडदा एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या पडद्यावर तार आणि पडदा यांतील फट पाहावी. ती 0.3 ते 0.4 मिलिमीटरच्या आसपास असावी. ताण वाढला तर नेक पुढे झुकते आणि फट वाढते, तेव्हा ट्रस रॉड (नेकच्या आतील धातूचा दांडा) घड्याळाच्या दिशेने थोडा आवळावा. ताण कमी झाला तर नेक मागे जाते, पहिल्या काही पडद्यांवर तार खरखरते, आणि रॉड सैल करावा लागतो. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये आणि वाद्याला स्थिरावण्यास वेळ द्यावा. रॉड घट्ट बसलेला वाटला तर जोर न लावता जाणकाराकडे न्यावे.

त्यानंतर घोडीवर तारेची उंची ठरवावी. सैल तारेचा झोका मोठा असल्याने ती थोडी उंच ठेवावी लागते. मग बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तेथेच दाबून वाजवलेला स्वर ताडून पाहावेत. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडीवरचा त्या तारेखालचा तुकडा मागे सरकवावा. जाड तारेला हे अंतर जास्त लागते, आणि कधी तुकडा मागे टेकतो तरी स्वर चढाच राहतो. अशा वेळी घोडीवर येणारा भाग बारीक केलेली, म्हणजे टेपर केलेली तार घेतल्यास सुधारणा होते.

नटच्या बाबतीत मात्र घाई करू नये. नटमधील खाच 105 च्या तारेसाठी घातलेली असेल तर 130 ची तार तिच्यात पूर्ण बसत नाही आणि वर तरंगते. खाच रुंद केली की काम होते, पण ती पुन्हा अरुंद करता येत नाही. पुढे बारीक तार लावली तर ती त्या खाचेत हलते. आपला मूळ नट काढून जपून ठेवावा आणि जाड तारांसाठी दुसरा नट घालून घ्यावा, हा खर्च सार्थकी लागतो. खुंटीच्या फटीत 130 ची तार जाते का, हेही तार विकत घेण्यापूर्वी पाहावे.

ट्यूनर खालचा सूर नीट दाखवत नाही. काय करावे?

वाद्याच्या डोक्याला चिमट्याने लावायचे ट्यूनर 40 हर्ट्झच्या खाली अनेकदा गोंधळतात. बाराव्या पडद्यावर हार्मोनिक वाजवून एक सप्तक वरचा सूर त्याला ऐकवावा, काटा लगेच स्थिर होतो. तार हळुवार छेडावी, कारण सैल तार जोरात छेडली की सुरुवातीचा सूर चढा दिसतो.

साथीला हार्मोनियम असेल तर 440 हर्ट्झवर विसंबू नये. हार्मोनियमच्या पत्त्या कार्यक्रमाच्या जागी बदलता येत नाहीत, आणि पेटी 440 ला तंतोतंत असेलच असे नाही. पेटीवर पांढरी सहा धरून ट्यूनरचे प्रमाण तिच्याप्रमाणे बदलावे आणि मगच आपल्या तारा लावाव्यात.

नाशिकच्या हवामानाचा तारांवर आणि ट्यूनिंगवर काय परिणाम होतो?

आपल्याकडे थंडी कोरडी आणि कडक असते, निफाडकडचे किमान तापमान तर दर हिवाळ्यात राज्यभर गाजते. त्यामानाने पावसाळ्यात हवा दमट राहते. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, त्यामुळे पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर अशी वर्षातून किमान दोनदा नेकची फट तपासावी. उतरवलेल्या तारांवर ताण कमी असल्यास नेकची लहानशी हालचालही लगेच खरखरीच्या रूपात ऐकू येते.

तापमानाचा परिणाम त्याहून झटपट होतो. स्टीलची तार गार झाली की चढते आणि तापली की उतरते. डिसेंबर-जानेवारीत उघड्या मैदानावर रात्रीचा कार्यक्रम असेल, तर वाद्य आधीच बाहेरच्या हवेत आणून ठेवावे आणि मग सुरात लावावे. मंचावरचे दिवे तापल्यावर पुन्हा एकदा तपासावे. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार खालून-वरून पुसावी, गंजलेल्या तारेचा सूर लवकर हरवतो.

खाली उतरवलेला स्वर मंडपात ऐकूच येत नाही, असे का होते?

लहान बेस अँप्लिफायर 31 ते 37 हर्ट्झचा मूळ स्वर फारसा देऊ शकत नाहीत. ध्वनिव्यवस्था पाहणारेही सबवूफर वाचवण्यासाठी 30-40 हर्ट्झच्या खालचा भाग बहुधा कापतात. अशा वेळी अँप्लिफायरवर बेसचे बटण वाढवल्याने नुसती घरघर वाढते. त्याऐवजी मधल्या कंपनसंख्यांचा (मिडचा) आवाज थोडा वाढवावा, म्हणजे स्वर ओळखू येतो.

ज्या कार्यक्रमात नाशिक ढोल आहे, तेथे खालचे ट्यूनिंग वापरूच नये असे मी म्हणेन. ढोलाच्या घुमाऱ्यात सीचा किंवा बीचा स्वर पूर्ण बुडतो. तेथे नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, ए आणि डी तारांवर वाजवलेला बेस स्पष्ट ऐकू येतो आणि ढोलाच्या जागेवर अतिक्रमणही करत नाही.

नवीन जाडीच्या तारा कार्यक्रमाच्या किती आधी लावाव्यात?

निदान दोन-तीन दिवस आधी. नवी तार ताणली जाऊन स्थिरावण्यास वेळ घेते, आणि नेकही नव्या ताणाला सावकाश जुळवून घेते. लावताना तार खुंटीच्या पुढे साधारण चार-पाच इंच राखावी. विशेषतः चपट्या वेष्टनाची तार आधी काटकोनात वाकवून मगच कापावी, नाहीतर तिचे वेष्टन गाभ्यावरून सुटते. काढलेला जुना संच चांगल्या स्थितीत असेल तर पुसून, सैल वेटोळे करून आणि प्रत्येक तारेवर तिची जाडी लिहून केसमध्ये ठेवावा.